खुर्चीच्या दारातली अट : कार्लोस मेनेम यांची गोष्ट

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून एके दिवशी नववीचा नागरिकशास्त्राचा तास माझ्याकडे आला. राष्ट्रपतिपदासाठी लागणारी पात्रता मी फळ्यावर लिहिली. भारताचा नागरिक असावा, वयाची 35 वर्षं पूर्ण असावीत, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा, लाभाचं पद नसावं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मजहब की कोई शर्त नहीं?"

मी म्हटलं, "नाही." आणि डॉ. झाकीर हुसेन, फख्रुद्दीन अली अहमद, ए. पी. जे. अब्दुल कलाम ही तीन नावं सांगितली. पण पोरगा हुशार. तो म्हणाला, "वो तो राष्ट्रपती थे, सर. जिसके हाथ में पूरा कारभार हो, और जहाँ अपने लोग थोडे हों, ऐसे मुल्क में कोई बना क्या?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण एक नाव डोक्यात आलं होतं आणि ते मी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतली पोरं ज्या देशाच्या फुटबॉल संघाची निळी-पांढरी जर्सी घालून फिरतात, त्या अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस साऊल मेनेम. सीरियातून आलेल्या मुसलमान आईबापांचा मुलगा, ज्याने 1989 ते 1999 अशी सलग दहा वर्षं त्या देशावर राज्य केलं. नाव का सांगितलं नाही? कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता. "तो मुसलमान होते वो?" आणि त्याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते उत्तर मी इथे शोधतो आहे.

‘तुर्क’

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला सीरिया-लेबनॉनच्या भागातून हजारो माणसं जहाजाने दक्षिण अमेरिकेत गेली. त्यांत ख्रिस्ती जास्त, मुसलमान कमी. सगळे अरबी बोलणारे. पण त्यांचा मुलूख तेव्हा उस्मानी सल्तनतीखाली होता, त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांवर तुर्की शिक्का. अर्जेंटिनाच्या लोकांनी सगळ्यांनाच ‘तुर्को’ म्हणायला सुरुवात केली. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव कापड, सुया, कंगवे विकणारा तो ‘तुर्को’. त्यात थोडी थट्टा आणि थोडा तुच्छपणा असायचा.

मराठी शिकवणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही. आपल्याकडेही एकनाथांच्या सोळाव्या शतकातल्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तला ‘तुर्क’ हा कुठल्या तुर्कस्तानातून आलेला नाही, तो शेजारी राहणारा साधा मुसलमान आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली. माणूस कुठून आला, कुठली भाषा बोलतो हे न विचारता त्याला एका शब्दात बसवलं गेलं.

साऊल मेनेम आणि मोहिबे अकील हे सीरियातल्या याब्रूद गावचे. ते अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ला रिओखा प्रांतात स्थायिक झाले. कोरडा, गरीब प्रांत. द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकवणारा. साऊल यांनी फेरीवाल्याचं काम करत करत दुकान उभं केलं, पुढे मद्य गाळण्याचा व्यवसायही केला. तिथल्या अनियाको या लहानशा गावात 2 जुलै 1930 रोजी कार्लोस यांचा जन्म झाला. घर सुन्नी मुसलमानांचं, गाव कॅथलिकांचं आणि धंदा द्राक्षाच्या दारूचा. परक्या मुलखात पाय रोवताना काय काय सोडावं लागतं आणि काय काय धरावं लागतं, त्याची सुरुवात या घरातच झालेली दिसते.

कार्लोस कोर्दोबाच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेले. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाबरोबर 1951 मध्ये ते राजधानी ब्युनोस आयर्सला गेले आणि तिथे त्यांना राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन आणि त्यांच्या पत्नी एव्हा पेरोन भेटल्या. पेरोन यांनी कामगारांना संघटनेचे हक्क, पगारी सुट्ट्या, पेन्शन दिलं होतं. ब्रिटिश मालकीच्या रेल्वे 1948 मध्ये सरकारच्या ताब्यात घेतल्या होत्या. ज्यांना ‘तुर्को’ किंवा ‘काळ्या डोक्याचे’ म्हणून हिणवलं जायचं, त्यांना हा माणूस आपला वाटत होता. मेनेम कायमचे पेरोनवादी झाले. 1955 मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी लष्कराने पेरोन यांना हाकलून दिलं. मग राजकीय कैद्यांचे खटले लढवणं आणि स्वतःही थोडे दिवस कोठडीत जाणं, अशी त्यांची वकिली सुरू झाली.

घटनेतली अट

अर्जेंटिनाची राज्यघटना 1853 सालची. तिच्यात एक कलम होतं, की प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य आहे. जगभरच्या लोकांनी आमच्या भूमीत येऊन राहावं, असं आमंत्रणही प्रस्तावनेत होतं. आणि त्याच घटनेत दुसरं कलम होतं, की राष्ट्राध्यक्ष व्हायचं असेल तर माणूस रोमन कॅथलिक असला पाहिजे. म्हणजे या, राहा, कमवा, कर भरा, सैन्यात जा, पण त्या एका खुर्चीपाशी येताना धर्म बदलून या.

मेनेम तरुणपणीच कॅथलिक झाले. मनापासून झाले की खुर्चीवर डोळा ठेवून, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. दिलाचा हाल अल्लाह जाणतो, त्याचा फैसला करायला मी बसलेलो नाही. पण एवढं खरं, की ते मुसलमान राहिले असते तर कितीही मतं मिळूनही त्यांना राष्ट्राध्यक्ष होता आलं नसतं. जिथे कायदाच अशी अट घालतो, तिथे माणसाचं खरं धर्मांतरही संशयातून सुटत नाही. जुने म्हणतात, हा गेला. नवे म्हणतात, हा खरा आलेलाच नाही.

आणि नातं तरी कुठे तुटलं? 1964 मध्ये ते आईबापांचा मुलूख पाहायला सीरियात गेले. तिथे त्यांना सुलेमा योमा भेटल्या. त्याही ला रिओखातल्याच, सीरियन मुसलमान कुटुंबातल्या. 1966 मध्ये त्यांचं लग्न इस्लामी पद्धतीने झालं. कागदावर कॅथलिक असलेल्या नवऱ्याचा निकाह! त्यांना दोन मुलं झाली. मुलगा कार्लितो आणि मुलगी सुलेमिता.

तुरुंग आणि आईचा जनाजा

1973 मध्ये मेनेम ला रिओखाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्या प्रांतातला एकोणिसाव्या शतकातला सरदार फाकुंदो किरोगा हा त्यांचा आदर्श. त्याच्यासारखे गालभर कल्ले त्यांनी वाढवले होते. खांद्यावर शाल टाकून, घोड्यावर बसून ते गावोगाव फिरत. आता त्यांना परका म्हणणं कठीण होतं. ते ला रिओखापेक्षाही जास्त ला रिओखाचे दिसत होते. अल्पसंख्य घरातून आलेल्या पुढाऱ्यांना हे बऱ्याचदा करावं लागतं. बाकीच्यांनी मातीचे असल्याचा पुरावा द्यायची गरज नसते, यांना तो अंगावर घालून फिरावं लागतं.

24 मार्च 1976 रोजी लष्कराने सत्ता घेतली. जनरल होर्हे विदेला यांच्या राजवटीत हजारो माणसं घरातून, रस्त्यातून उचलली गेली आणि परत आली नाहीत. पुढे नेमलेल्या आयोगाने जवळपास 9,000 बेपत्ता लोकांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा 30,000 सांगतात. मेनेम यांनाही पकडलं. आधी ब्युनोस आयर्सच्या बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर कैदेत ठेवलं, मग मागदालेना इथल्या लष्करी तुरुंगात. ते तुरुंगात असताना त्यांची आई वारली. मयतीला जाऊ द्या, अशी त्यांनी विनंती केली. विदेला यांनी परवानगी नाकारली.

1978 मध्ये तुरुंगातून सुटका झाली, पण ठरवून दिलेल्या गावातच राहण्याची सक्ती होती. ती 1981 मध्ये संपली. आईच्या जनाज्याला खांदा न देता आलेला मुलगा ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचं काम आहे.

"माझ्या मागे या"

फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी झालेलं 1982 चं युद्ध हरल्यावर लष्करी राजवट कोसळली. 1983 मध्ये राऊल अल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या काळात एक मोठं काम झालं. 1985 मध्ये लष्करशहांवर साध्या नागरी न्यायालयात खटला चालला आणि विदेला व नौदलाचे प्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली. जगात असं क्वचितच घडलं आहे. पण अर्थव्यवस्था त्यांच्या हातून निसटली. 1989 या एका वर्षात महागाई सुमारे 3,000 टक्क्यांवर गेली. म्हणजे सकाळी हातात आलेल्या पगाराची किंमत संध्याकाळपर्यंत कमी होत होती. दुकानदार दिवसातून अनेकदा भाव बदलत होते आणि लोक दुकानं लुटत होते.

पुन्हा ला रिओखाचे गव्हर्नर झालेल्या मेनेम यांनी 1988 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत अंतोनियो काफिएरो या वजनदार नेत्याला हरवलं आणि 14 मे 1989 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकली. पगारात घसघशीत वाढ आणि कारखान्यांची भरभराट ही त्यांची आश्वासनं. आणि घोषणा, "माझ्या मागे या, मी तुम्हाला दगा देणार नाही." गरिबांनी, कामगारांनी, शिक्षकांनी मतं दिली. परिस्थिती इतकी बिघडली, की अल्फोन्सिन यांनी मुदतीआधीच, 8 जुलै 1989 रोजी सत्ता सोपवली. एका पक्षाच्या निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्या पक्षाच्या निवडून आलेल्याकडे सत्ता देण्याचा प्रसंग 1916 नंतर तिथे पहिल्यांदाच येत होता.

आणि मग मेनेम यांनी जे सांगितलं होतं, त्याच्या उलट करायला घेतलं. अर्थखातं एका बड्या धान्यव्यापारी कंपनीच्या माणसाकडे गेलं. टेलिफोन, विमान कंपनी, गॅस, पाणी, रेल्वे, तेल कंपनी वायपीएफ असं सगळं एकापाठोपाठ एक विकलं किंवा खाजगी कंपन्यांना चालवायला दिलं. पेरोन यांनी सरकारात आणलेली रेल्वे पेरोन यांच्याच पक्षाच्या माणसाने खाजगी केली. अनेक मार्ग बंद पडले आणि रेल्वेच्या भरवशावर वसलेली गावं ओस झाली.

1991 मध्ये अर्थमंत्री दोमिंगो काव्हाय्यो यांनी कायदा करून देशाचं चलन डॉलरला बांधलं. पुढच्या वर्षी नवा पेसो आला. एक पेसो म्हणजे एक डॉलर. तिजोरीत जितके डॉलर, तितकेच पेसो, त्यापेक्षा जास्त नोटा छापायच्या नाहीत. महागाई खरोखरच थांबली. 3,000 टक्क्यांवरून ती 1993 मध्ये एक आकडी झाली. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. दिवसभर लांब रांगेत उभं राहून संध्याकाळी चढ्या भावाने ब्रेड घेणाऱ्या बाईला ही सुटका काय असते, ते बाहेरच्याला कळणार नाही. 1995 मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, सुमारे 50 टक्के मतांनी.

पण पेसो महाग झाल्यामुळे परदेशी माल स्वस्त आणि देशातला माल महाग झाला. कारखाने बंद पडू लागले. 1995 मध्ये बेकारी 18 टक्क्यांच्या वर गेली. तेल कंपनीतून हजारो लोक काढले गेले तेव्हा कुत्राल-को आणि प्लासा विंकुल या तेलनगरांतल्या लोकांनी 1996 मध्ये महामार्ग अडवले. बेकारांच्या ‘रस्ता रोको’ चळवळीची ती सुरुवात. देशाचं परदेशी कर्ज दहा वर्षांत जवळपास दुप्पट झालं.

शिक्षकांचा पांढरा तंबू

एक गोष्ट मी शिक्षक म्हणून थांबून सांगणार आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने आपल्या माध्यमिक शाळा प्रांतांकडे सोपवल्या, पण त्या चालवायला पुरेसा पैसा दिला नाही. श्रीमंत प्रांतांत पगार होत होते, गरीब प्रांतांत महिनोन्महिने थकत होते. 2 एप्रिल 1997 रोजी शिक्षक संघटनेने ब्युनोस आयर्समध्ये संसदेसमोर एक पांढरा तंबू ठोकला. वेगवेगळ्या प्रांतांतले शिक्षक पाळीपाळीने तिथे येऊन उपोषण करत. एक गट उठला की दुसरा बसे. लेखक, गायक, विद्यार्थी भेटायला येत. हा तंबू 1,003 दिवस उभा होता. मेनेम सत्तेवरून गेले, नवीन सरकारने शिक्षकांच्या पगारासाठी निधीची तरतूद मान्य केली, तेव्हा 30 डिसेंबर 1999 रोजी तो उठला.

विनाअनुदानित शाळेत उमेदीची वर्षं काढलेला, आझाद मैदानावर सहकाऱ्यांबरोबर बसलेला माझ्यासारखा माणूस हे वाचतो, तेव्हा त्याला मेनेम यांचं नाव किंवा वंश आठवत नाही. त्याला तो तंबू आठवतो. त्या तंबूतले बहुतेक शिक्षक कॅथलिक असणार. पण त्या गोष्टीत ‘आपले’ कोण, हे मला विचार करून ठरवावं लागत नाही.

माफी

आता आईच्या जनाज्याकडे परत येऊ.

ऑक्टोबर 1989 आणि डिसेंबर 1990 मध्ये मेनेम यांनी फर्मानं काढून लष्करी अधिकाऱ्यांना माफी दिली. त्यांत विदेला आणि मासेरा होते. काही डाव्या सशस्त्र गटांच्या नेत्यांनाही माफी मिळाली. राष्ट्रीय सलोख्यासाठी जुन्या जखमा मिटवायच्या आहेत, असं सांगितलं गेलं. ज्या माणसाने मेनेम यांना आईच्या मयतीला जाऊ दिलं नव्हतं, त्यालाच मेनेम यांनी तुरुंगातून बाहेर काढलं.

कुणी म्हणेल, यात मोठेपणा आहे. माफ करणं हे तर आपल्या दीनमध्ये थोर मानलं आहे. मीही यावर खूप विचार केला. माफीचा हक्क ज्याच्यावर जुल्म झाला त्याचा असतो. मेनेम स्वतःच्या तुरुंगवासाबद्दल विदेला यांना माफ करू शकत होते, तो त्यांचा हक्क होता. पण डोक्यावर पांढरा रुमाल बांधून, दर गुरुवारी प्लासा दे मायो चौकात बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन फिरणाऱ्या आयांच्या वतीने माफ करण्याचा हक्क त्यांना कुणी दिला? त्या आयांना तर मुलांची मयतही मिळाली नव्हती. दुसऱ्याच्या जखमेवर आपल्या सहीने मिटवल्याचा शिक्का मारणं, याला मी माफी म्हणू शकत नाही.

पुढे न्यायालयानेही तेच सांगितलं. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माफी घटनाबाह्य ठरवली. विदेला पुन्हा तुरुंगात गेले आणि मे 2013 मध्ये तुरुंगातच मेले.

तोल राखण्यासाठी हेही सांगतो. डिसेंबर 1990 मध्ये लष्करातल्या एका गटाने बंड केलं, ते मेनेम यांनी कडकपणे मोडलं. त्यानंतर तिथे लष्करी उठाव झाला नाही. एका सैनिकाच्या छावणीतल्या खुनानंतर 1994 मध्ये त्यांनी सक्तीची सैन्यभरतीही बंद केली.

अट गेली

1994 मध्ये मेनेम आणि अल्फोन्सिन यांच्यात समझोता होऊन घटनादुरुस्ती झाली. मेनेम यांना हवी होती दुसऱ्यांदा निवडणूक लढवण्याची मुभा. ती मिळाली. पण त्याच दुरुस्तीत राष्ट्राध्यक्ष कॅथलिक असण्याची 141 वर्षांची अट काढून टाकण्यात आली. शपथ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावी, असं ठरलं. मूळच्या आदिवासींना कॅथलिक करण्यास उत्तेजन देण्याचं जे काम संसदेकडे होतं, तेही गेलं. या घटना परिषदेचे अध्यक्ष होते एदुआर्दो मेनेम, कार्लोस यांचे सख्खे भाऊ. याब्रूदहून आलेल्या फेरीवाल्याचा एक मुलगा ती अट मान्य करून आत गेला आणि दुसरा मुलगा अध्यक्षस्थानी असताना ती अट पुसली गेली.

पण हेतू काय आणि फळ काय, यांत फरक असतो. आपली खुर्ची टिकवण्यासाठी केलेल्या सौद्यातून पुढच्या पिढीसाठी एक दार उघडलं, असंही इतिहासात घडतं.

घराचा उंबरठा

सत्तेच्या काळात घर मात्र मोडलं. 1990 मध्ये सुलेमा यांना सरकारी निवासस्थानातून बाहेर काढण्यात आलं, पुढे घटस्फोट झाला. 15 मार्च 1995 रोजी मुलगा कार्लितो याचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यात तो गेला. सुलेमा यांनी वर्षानुवर्षं एकच सांगितलं, की हा अपघात नाही, घातपात आहे. कार्लितोला ब्युनोस आयर्सजवळच्या सान हुस्तो इथल्या इस्लामी कब्रस्तानात दफन केलं.

देशातही रक्त सांडलं होतं. मार्च 1992 मध्ये इस्रायली दूतावासावरच्या बॉम्बहल्ल्यात 29 आणि 18 जुलै 1994 रोजी आमिया या ज्यूंच्या संस्थेच्या इमारतीवरच्या हल्ल्यात 85 माणसं ठार झाली. आमियाच्या तपासात इतका गोंधळ घातला गेला, की पुढे तपास करणारे न्यायाधीशच दोषी ठरले. मेनेम यांच्यावरही तपास दडपल्याचा आरोप होता. 2019 मध्ये ते त्यातून निर्दोष सुटले. पण त्या 85 जणांच्या घरच्यांना न्याय मिळालेला नाही. निरपराधांचं रक्त कुणाचं, हे पाहून आपलं दुःख कमीजास्त होणार असेल, तर आपणही त्या घटनेतल्या जुन्या कलमासारखेच झालो.

सत्ता गेल्यावर बाकीचे खटले आले. क्रोएशिया आणि इक्वेडोर यांना चोरून शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात 2001 मध्ये ते काही महिने नजरकैदेत होते. कागदावर ती शस्त्रं पनामा आणि व्हेनेझुएलाला जात होती. क्रोएशियावर तेव्हा संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती. इक्वेडोर पेरूशी लढत होता आणि त्या दोघांतल्या शांततेचा एक हमीदार होता अर्जेंटिना स्वतः. 2013 मध्ये मेनेम यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पण ते सिनेटर होते, त्यामुळे तुरुंगात गेले नाहीत. पुढे खटल्याला फार काळ लागला या कारणाने ती शिक्षा रद्द झाली.

दरम्यान डिसेंबर 2001 मध्ये पेसो-डॉलरची गाठ सुटायच्या बेतात आली, बँकांतून पैसे काढण्यावर कडक मर्यादा आली, लोक थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांना हेलिकॉप्टरने निघून जावं लागलं. गाठ मेनेम यांनी बांधली होती, फास दुसऱ्याच्या गळ्याला लागला. 2003 मध्ये मेनेम पुन्हा उभे राहिले. पहिल्या फेरीत सर्वाधिक, 24 टक्के मतं मिळाली. पण दुसऱ्या फेरीत पराभव नक्की दिसताच त्यांनी माघार घेतली आणि नेस्तोर किर्शनेर राष्ट्राध्यक्ष झाले.

14 फेब्रुवारी 2021 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी मेनेम वारले. संसदेत त्यांचं अंत्यदर्शन झालं, तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. मुलीने सांगितलं, की वडील कॅथलिक धर्म पाळत होते, पण ते विसावतील भावाशेजारी. त्यांना सान हुस्तोच्या इस्लामी कब्रस्तानात, कार्लितोच्या बाजूला ठेवण्यात आलं. खुर्चीसाठी जिथून निघावं लागलं, तिथेच मुलाच्या मायेने परत आणलं.

मग तो आपला होता का?

अर्जेंटिनात आज मेनेम पुन्हा चर्चेत आहेत. सध्याचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई त्यांचं कौतुक करतात. 2024 मध्ये त्यांचा अर्धपुतळा सरकारी वास्तूत बसवला गेला. एदुआर्दो यांचे पुत्र मार्तिन मेनेम लोकप्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष झाले. ‘तुर्को’ हा शब्द आता त्या घराण्याला अडवत नाही.

आपल्या लोकांत एक सवय आहे, ती मी माझ्यातही पाहतो. जगात कुठेही अहमद, अली असं नाव मोठ्या पदावर दिसलं, की छाती फुगते. त्याने काय केलं, हे नंतर विचारतो किंवा विचारतच नाही. आणि त्याने काही वाईट केलं, की घाईने म्हणतो, तो खरा मुसलमान नव्हताच. या दोन्ही वेळी आपण माणूस पाहत नाही, फक्त नाव पाहतो. ज्यांनी गाठोडंवाल्या सीरियन माणसाला ‘तुर्को’ म्हटलं, त्यांनीही तेच केलं होतं.

मेनेम यांचा हिशेब त्यांच्या इमानावरून मांडायचं काम माझं नाही. तो हिशेब त्यांनी दिलेल्या वचनांवर मांडता येतो. महागाई थांबवली, हे जमेला. घटनेतली अट गेली, हेही जमेला. मतं देणाऱ्या गरिबांना दिलेला शब्द, आयांच्या मुलांचा न्याय, आणि 1,003 दिवस तंबूत बसलेले शिक्षक, हे नावे. आणि ज्या राज्याने एका हुशार पोराला, आधी धर्म बदल मग पुढे बोलू, असं सांगितलं, त्या राज्याच्या खात्यावरही काही लिहायला हवं. ती अट 1994 पर्यंत टिकली, ही त्या देशाची नामुष्की होती.

पुढच्या आठवड्यात मी त्या पोराला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "याने अपने यहाँ शर्त लिखी हुई नहीं है, ये अच्छी बात है ना सर?"

मी म्हटलं, "खूप चांगली गोष्ट आहे बेटा. ती कुणी पुन्हा लिहू नये, यावर लक्ष ठेवायचं. आणि उद्या तू कुठल्या खुर्चीवर बसलास, तर लोकांना दिलेला शब्द विसरायचा नाही."

त्याने मान हलवली आणि विचारलं, "सर, वो तंबू वाले टीचर लोगों को बाद में पगार मिली क्या?"

त्याला नेमकं तेच आठवलं, याचा मला आनंद झाला.